गोधडीचा चौथा कोपरा

तळेवाडी, ता. कणकवली
२ जुलै १९८५

मालन,

तुला आणि दशरथला आशीर्वाद. अक्षर माझं नाही हे तू लगेच ओळखलं असशील. लावणीचे दिवस आहेत, माझे हात सकाळपासून चिखलात असतात, म्हणून गुणाजी मास्तरांना लिहायला बसवलंय. रिटायर झाल्यापासून ते रिकामेच असतात. (हे वाक्य लिहायला त्यांनी कुरकुर केली, पण लिहायला लावलं.)

अनुपमाला दिवस गेलेत हे तुला कळलंच असेल. बोरिवलीहून ती गणपतीला येईल ती बाळंतपण आटपूनच परत जाईल. दिवस नोव्हेंबर अखेरचे आहेत. आपल्या वाडीचा धोंडिराम एसटीवर ड्रायव्हर आहे, त्याच्याबरोबर गाठोडं पाठवते आहे. दशरथला कुर्ल्याच्या डेपोत जाऊन घ्यायला सांग. त्यात बाळाच्या गोधडीचे थर लावून दिलेत. आत सासूबाईंची दोन लुगडी आहेत, वर माझं हिरवं पातळ आणि अनुपमाचा पहिला परकर. कडेने धावदोऱ्याचे तीन फेरे घातलेत. बाकीचे आतले फेरे तू घाल. हातानेच घाल, मशीनला लावायचं नाही. पोर त्यावर झोपणार आहे.

आणि चौथा कोपराही तूच शिव.

बाकी ठीक. पाऊस बरा आहे. आपली मधली जाऊ मथुरा विचारत असते तुला.

तुझी मोठी जाऊ,
पार्वती


कन्नमवार नगर, विक्रोळी
१५ जुलै १९८५

वहिनी,

पाया पडते. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत, अडचण आहे ती फक्त तुमच्या दिराच्या शर्टाची. त्याची कॉलर झिजली आहे आणि ती उसवून उलट लावायला मला पाडव्यापासून फुरसत झालेली नाही. गिरणी बंद पडल्यापासून ते इथल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत, आणि वॉचमनची कॉलर फाटकी असली तर साहेब लोक बघतात म्हणे. रोज सकाळी शर्ट घालताना मला ऐकवतात. मी ऐकून घेते.

फुरसत का नाही तेही ऐका. आमच्या खोलीत मी भिंतीला सहा खिळे मारलेत. प्रत्येक खिळ्याला एक उशीचा अभ्रा, आणि एका अभ्र्यात एकच काम. पहिल्यात वरच्या मजल्यावरच्या सुलक्षणाबाईंच्या मुलीच्या लग्नाचे आठ ब्लाउज. दुसऱ्यात शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचे कोळीनाचाचे बारा पोशाख. तिसऱ्यात मुलुंडच्या एका बँकेतल्या बाईंचे पडदे. चौथ्यात आणि पाचव्यात महिला मंडळाच्या प्रदर्शनासाठी एकेक गोधडी. सहाव्यात तो शर्ट होता, तो आता काढून दशरथच्या ट्रंकेवर ठेवला आणि बाळाची गोधडी तिथे टांगली. ही अभ्र्यांची युक्ती माझी स्वतःची आहे. मागच्या आठवड्यात तरीही एका कोळ्याला लग्नाच्या ब्लाउजची जरीची बाही लागली. मुलगा खूश होता, मास्तरीणबाई नव्हत्या.

कंटाळा येतो असं मात्र नाही हं. इमारतीत आता कोणी विचारलं की शिवायला कुठे टाकायचं, तर पोरंसुद्धा आमचं दार दाखवतात. मला ते आवडतं, तुमच्यापासून काय लपवायचं.

आता खरी गोष्ट. चौथ्या कोपऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाक्य मी दशरथना दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं मास्तरांची काही चूक झाली असेल. आपल्या घरात तीन कोपरे कोणीही शिवावेत, पण चौथा घरातली थोरली बाईच बंद करते. आत पाच दाणे तांदूळ घालून, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. सासूबाई होत्या तोवर त्या शिवायच्या, मग तुम्ही. मी सून होऊन आले तेव्हा माझी पहिली गोधडी तुम्ही तीनदा उसवलीत, आठवतं? तिसऱ्या वेळेला मी विहिरीवर जाऊन रडले होते. आणि आज तुम्हीच मला चौथा कोपरा देता. सतरा वर्षांनी का होईना, माझा हात तुम्हाला पसंत पडला. मी त्या दिवशी शिरा केला.

तुमची,
मालन


तळेवाडी
४ ऑगस्ट १९८५

मालन,

तुझं पत्र पोचलं. मास्तरांनी मोठ्याने वाचलं, जरीच्या बाहीपाशी स्वतःच हसत बसले, मग परत पहिल्यापासून वाचावं लागलं.

सहा कामं एका वेळेला घेतलीस ते मला पसंत नाही. अभ्रे सहा असले तरी हात दोनच आहेत. एक खाली काढलास की तो रिकामा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नकोस. आणि दशरथच्या कॉलरीला वेळ नाही हे मी, त्याच्या भावजयीने, ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे काही बरं नाही.

चौथ्या कोपऱ्याचं एवढं कौतुक करू नकोस. शिव म्हटलं, शिव. शिरा कशाला?

तीन फेरे घालून दिलेत ते कसे वाटले, त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तेवढं कळव.

लावणी झाली. अजूनही मास्तरच लिहितात, कारण त्यांना आता सवय झाली आहे.

पार्वती


विक्रोळी
१० सप्टेंबर १९८५

वहिनी,

यंदा गणपतीला आम्हाला येता येत नाही, त्याची क्षमा मागायला हे पत्र. दशरथना रजा नाही, आणि माझं प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलंय. मुलुंडला हॉल घेतलाय, चार मंडळांच्या बायका मिळून करतायत. गौरीला माझ्या नावाने एक फूल ठेवा.

तुम्ही फेऱ्यांबद्दल विचारलंत आणि मी मुद्दाम गप्प होते, कारण मला कोणाची कागाळी करायची नव्हती. पण आता विचारलंच आहे तर सांगते. ते फेरे तुमच्या हातचे नव्हेत हे मी अभ्र्यातून काढताक्षणी ओळखलं. एक टाका तांदळाएवढा, दुसरा चिंचोक्याएवढा. दुसरा फेरा मध्येच पहिल्यावर चढला होता, तिसरा एका ठिकाणी कडेबाहेरच गेला होता. मथुरा वहिनींना तुम्ही कामाला लावलं असणार. तुम्ही शेतावर, आणि त्यांनी गप्पा मारता मारता फेरे ओढले. त्यांचा हात मला माहीत आहे, दशरथच्या लेंग्याला त्यांनी नाडीची पट्टी घातली होती तेव्हाच कळला होता.

तर मी ते तीनही फेरे उसवले. दुपारचे दोन तास दारात उजेडाला बसून एकेक टाका कापला, कापडाला कुठे इजा होऊ दिली नाही. मग नव्याने घातले. आता बघाल तर कळणारसुद्धा नाही, सगळे टाके एकाच मापाचे. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ असा सरळ बसलाय की त्यावर बोट फिरवत राहावंसं वाटतं.

एक आगाऊपणा केलाय. प्रदर्शनात मी माझ्या दोन गोधड्यांच्या जोडीला हीपण टांगणार आहे. विकायला नाही, नुसती बघायला. तिथे ते वेडेवाकडे फेरे कसे दाखवणार होते? तुमच्या घरची गोधडी आहे, लोकांना कळू दे की हात कसा असतो.

ब्लाउज आठही गेले, पडदे गेले, कोळी नाचून मोकळे झाले. शर्ट ट्रंकेवरच आहे.

मालन


तळेवाडी
२ ऑक्टोबर १९८५

प्रिय मालनकाकी,

मी अनुपमा. हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तुझ्यावर रागावून नाही, कारण तुला काही माहीतच नव्हतं. पण कोणीतरी सांगायला हवं.

आईला दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. समोर माणूस उभं आहे एवढं कळतं, तोंड कळत नाही. मी गणपतीला इथे आले आणि ती माझ्या नवऱ्याला, चंद्रप्रकाशना, दारात गुणाजी मास्तर समजून बोलायला लागली, तेव्हा मला कळलं. वर्षभर ती सगळ्यांना फसवत होती. वाटा पाठ आहेत, चुलीपाशी हात सरावलेले आहेत, घरात कोणाला संशय आला नाही. पत्रं मास्तरांकडून लिहून घ्यायला लागली तीही त्याचमुळे. चंद्रप्रकाशनी तिला कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलं ते परत येणार नाही, आहे तेवढं थेंब घालून टिकवायचं, असं ते म्हणाले.

तुझं पत्र गौरी जेवल्या त्या दिवशी आलं. सगळं घर पडवीत होतं. मास्तरांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं, आणि मथुराकाकी शेजारीच सुपारी कातरत बसली होती. तिच्या हाताबद्दलचं आलं तशी ती ताडकन उठली. मी या गोधडीला बोटसुद्धा लावलेलं नाही, म्हणाली, माझ्यावर आळ घालायचं कारण काय. मग सगळे आईकडे बघायला लागले. आईने एवढंच सांगितलं की ते फेरे तिचे होते.

काकी, ते तीन फेरे घालायला तिला मे महिना सगळा लागला. परसात बसायची, कोणी आलं की गोधडी सुपाखाली सरकवायची. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुली मिळतील तेव्हा ओवून घ्यायची. बोटांनी टाके मोजायची. तिला वाटलं होतं बरे झालेत. तुला विचारलं ते त्याचसाठी.

तुला पत्र लिहू या म्हटलं तर म्हणते, भात कापणीला आलंय.

तुझी,
अनुपमा


विक्रोळी
९ ऑक्टोबर १९८५

वहिनी,

हे पत्र मास्तरांनी पडवीत वाचू नये. अनुपमाने आत नेऊन वाचावं.

तिने मला लिहिलं. तिला रागावू नका. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि दोन दिवस मशीनचं झाकण उघडलं नाही. दशरथ घाबरले, त्यांना वाटलं मी आजारी आहे.

काय लिहू? तुमचे ते फेरे मी कापले. नुसते कापले नाहीत, तर मजेत कापले, मथुरा वहिनींचे समजून. आणि वरून तुम्हाला लिहून कळवलं. तुम्ही महिनाभर बोटांनी मोजून घातलेले टाके मी दोन तासांत काढून टाकले. सतरा वर्षांत तुमच्या हातचा एक टाका मला ओळखता येऊ नये? टाका वाकडा दिसला की तो दुसऱ्याचा, असं मी धरूनच चालले. तुमचा हात वाकडा पडेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि चौथ्या कोपऱ्याचं कळलं. माझा हात तुम्हाला पसंत पडला म्हणून तो मला मिळाला असं मी समजत होते, शिरा केला, इमारतीतल्या चार बायकांना सांगितलंसुद्धा. तुमचे डोळे गेले म्हणून तो माझ्याकडे आला होता. मला स्वतःची लाज वाटते.

आणखी एक लपवलेलं आहे ते सांगून टाकते. प्रदर्शन झालं. त्या गोधडीला पहिला नंबर मिळाला. परीक्षक बाईंनी ती उलटी करून मागचे टाकेसुद्धा बघितले आणि सगळ्यांना बोलावून दाखवले. प्रमाणपत्रावर माझं एकटीचं नाव आहे. ते मी भिंतीला लावलं होतं, आता काढून ट्रंकेत ठेवलंय.

उसवलेला दोरा टाकायचा नाही असं तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून तो माझ्याकडे आहे. पावडरच्या रिकाम्या डब्यात सगळा गुंडाळून ठेवलाय. तुम्ही म्हणाल तर मी माझे फेरे काढते आणि तुमच्या भोकांतून तुमचाच दोरा परत ओढते. भोकं अजून दिसतात. मला जमेल.

मथुरा वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांची मी वेगळ्या पत्राने क्षमा मागते.

मालन


तळेवाडी
२५ ऑक्टोबर १९८५

मालन,

मास्तरच लिहितायत. लपवायचं आता काही उरलं नाही, तेव्हा पडवीतच बसलोत. मथुरा नारळ सोलायला मागे गेलीय, ती यायच्या आत मुद्द्याचं लिहून घेते.

तुझे फेरे काढलेस तर बघ. मी तुझी पहिली गोधडी तीनदा उसवली होती ती टाके वाकडे होते म्हणून. वाकडे टाके उसवायचेच असतात, मग ते माझे का असेनात. तुझं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं त्या दिवशी मला राग आला होता हे खरं. तुझा नाही, माझ्या बोटांचा. इतके दिवस ती मला चांगलं झालंय म्हणून सांगत होती आणि खोटं बोलत होती. ते तू सांगितलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं, सगळ्यांनी छान छान म्हटलं असतं. अनुपमाला मी म्हटलं ते, मास्तर, तसंच लिहा: "तिना उसवल्यान ता बरा केल्यान. माझ्या हाताखाली शिकलेली हा ती."

आता कोपऱ्याचं. डोळे गेले म्हणून कोपरा माझ्याकडून सुटला, हे तू बरोबर लिहिलंस. पण तो तुझ्याकडे का आला हे तुला कळलेलं नाही. मथुरा भिंतीला भिंत लागून राहते. मानाने ती तुझ्या वरची आहे, आणि डोळे तिचे इतके चांगले आहेत की आमच्या चुलीवर काय शिजतं ते तिला तिच्या खिडकीतून दिसतं. तिच्याकडे द्यायला मला दहा पावलं चालायची होती. मी धोंडिरामच्या विनवण्या केल्या आणि गाठोडं मुंबईला पाठवलं. तूच विचार कर का ते.

प्रमाणपत्र ट्रंकेतून काढ आणि भिंतीला लाव. त्यातला मजकूर पुढच्या पत्रात उतरवून पाठव. मास्तरांकडून मी तो पडवीत वाचून घेणार आहे, माणसं बसलेली असतील तेव्हा. मथुरा असेल तेव्हा दोनदा.

चौथा कोपरा तूच शिव आणि गोधडी पाठव. वेळ थोडा आहे. डोळ्यांत थेंब घालते, झोंबतात.

पार्वती


विक्रोळी
१४ नोव्हेंबर १९८५

वहिनी,

प्रमाणपत्राचा मजकूर वेगळ्या कागदावर दशरथनी छान अक्षरात उतरवून दिलाय. मुंबईला आल्यापासून इतक्या आवडीने त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. खाली स्वतःहून 'हे खरे आहे' असं लिहून सही केलीय.

तुमचं पत्र मी सुलक्षणाबाईंना वाचून दाखवलं. पहिल्यांदा चौथा कोपरा मिळाला तेव्हा जी चारचौघींना सांगत सुटले होते, तीच मी परत सांगत सुटले. या वेळेला शिरा केला नाही, जिलबी आणली. बाई म्हणाल्या, तुझ्या जावेसारखी जाऊ आम्हाला मिळायला हवी होती. मी म्हटलं, तीनदा उसवून घ्यायची तयारी आहे का?

दिवाळीची कामं संपली. पाचही अभ्रे रिकामे आहेत, धुऊन वाळत घातलेत. सहाव्यातली गोधडी धोंडिरामबरोबर पाठवते आहे. आतले सगळे फेरे प्रदर्शनाआधीच झाले होते, एकवीस आले. तीन कोपरे शिवलेत.

चौथा शिवलेला नाही.

वहिनी, सतरा वर्षांत मी तुमचा शब्द मोडला नाही, हा पहिला. तुम्ही मला कोपरा दिलात हे मला पुरलं. ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही. पण तुम्ही आहात, हात आहेत, तर या घरातल्या पहिल्या नातवंडाच्या गोधडीचा कोपरा मुंबईची धाकटी जाऊ का शिवेल? मी शिवला तर अनुपमाच्या मुलाला उद्या काय सांगायचं, आजी बसलेली होती आणि आजीने शिवला नाही?

त्या उघड्या कोपऱ्यात तुमचा उसवलेला सगळा दोरा घालून ठेवलाय. तुमचे तीनही फेरे आत आहेत, त्यांना आता कोणी उसवणार नाही. पुरचुंडीत पाच दाणे तांदूळ आहेत, ते त्यावर घाला.

दोरा ओवायला कोणाला हाक मारू नका. एका जुन्या पट्टीवर मी वीस सुया टोचून पाठवल्यात, सगळ्या ओवलेल्या, गाठ मारलेल्या, सारख्या लांबीच्या. एकीचा दोरा संपला की ती बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची. कापडावर कोपऱ्याच्या कडेला मी बोटाला कळेल अशी जाड दोरी टाचून दिलीय. तिच्या आतून चाला. दशरथनी डोळ्यांवर रुमाल बांधून दोन टाके घालून बघितले, जमले. बोटाला टोचली एकदा, पण त्यांना कुठल्याही कामात टोचतंच.

शर्टाचं विचारू नका. अभ्रे रिकामे झाले म्हणून मी काल तो हातात घेतला आणि सुलक्षणाबाईंची धाकटी साखरपुड्याचं कापड घेऊन आली.

मालन


(पोस्टकार्ड)

तळेवाडी
८ डिसेंबर १९८५

मालन हे मी माझ्या हाताने लिहिते. ओळी कुठे जातात मला दिसत नाही तू वाचून घे. मास्तर बाजूला बसलेत त्यांना हात लावू दिला नाही.

मुलगी झाली. काल बारसं झालं. गोधडीवर झोपली ती उठायला तयार नाही.

कोपरा मी शिवला. एक दिवस लागला. दोरीच्या आतून चालले. मथुरा बघायला आली तिला म्हटलं नुसती बस. ती बसली आणि रडली. मग प्रमाणपत्र दोनदा वाचून घेतलं.

टाके वाकडे आहेत. मला बोटांनी कळतं आता खोटं बोलत नाहीत ती. राहू देत.

सुया सात लागल्या. तेरा उरल्यात. दशरथचा शर्ट पाठवून दे.

पार्वती